फौजी गाड्यांचा एअर फिल्टर कसा साफ करावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं गॅरेज आहे. फौजेच्या लिलावात घेतलेल्या जोंगा (फौजेच्या जुन्या मोठ्या जीपा), जिप्सी, जुन्या महिंद्रा एमएम जीपा आमच्याकडे येतात, कधीमधी एखादा शक्तिमान ट्रकही येतो. मी स्वतः ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या आणि तोफा दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, बावीस वर्षं काढली. क्राफ्ट्समन म्हणून भरती झालो आणि हवालदार म्हणून घरी आलो. फोनवर रोज तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवलं. ज्यांना एवढं वाचायला वेळ नाही त्यांनी निदान हवा मारण्याचा प्रश्न वाचावा. सगळ्यात जास्त फिल्टर तिथंच मरतात.

नुसता कागदच तर आहे. त्याचं एवढं काय?

हिशेब करून बघा. सहा लिटरचं डिझेल इंजिन २००० आरपीएमला मिनिटाला ६००० लिटर हवा ओढतं. फोर स्ट्रोक असल्यामुळं दर दोन फेऱ्यांना एकदाच छाती भरते, म्हणून निम्मं धरलंय, आणि टर्बो तर हिशेबात घेतलेलाच नाही. तासाला ही हवा होते ३६० घनमीटर. फिल्टरची चाचणी घेताना एक घनमीटर हवेत एक ग्रॅम धूळ सोडतात. कॉन्व्हॉयमध्ये पुढचा ट्रक धुळीत दिसेनासा होतो, तेव्हा हवेत साधारण तेवढीच धूळ असते. म्हणजे तासाभरात ३६० ग्रॅम धूळ इंजिनच्या तोंडाशी येते. चहाची पाव किलोची पुडी डोळ्यांसमोर आणा, त्याहून जास्त.

टी-७२ रणगाड्याचं बारा सिलिंडरचं इंजिन जवळपास ३९ लिटरचं आहे. त्याचं तुम्हीच काढा.

यातली मोठी खडी आधीच खाली पडते. घात करते ती बारीक धूळ, ५ ते २० मायक्रॉनची. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. हे कण पिस्टनची रिंग आणि लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, यांच्यामधल्या ऑईलच्या थरात बरोबर मावतात आणि ऑईलची ग्राइंडिंग पेस्ट होते. वाळू लोखंडाचं काय करते, हे फौंड्रीवाल्या कोल्हापूरकराला मी काय सांगणार.

फौजी गाडीचा फिल्टर साध्या गाडीपेक्षा वेगळा असतो का?

तत्त्व तेच, पण धूळ जास्त गृहीत धरलेली असते. म्हणून एकाच चाळणीवर भागवत नाहीत. आधी हवा गोल फिरवून जड धूळ बाहेर फेकायची आणि उरलेली बारीक धूळ फिल्टरनं धरायची. रणगाड्यात अशा छोट्या सायक्लोन नळ्यांची रांगच असते. त्यांच्यात साठलेली धूळ एक्झॉस्टच्या जोरावर बाहेर ओढली जाते आणि त्यानंतर तारेच्या जाळीच्या, ऑईल लावलेल्या कॅसेट येतात. कॅसेट डिझेलमध्ये धुवायच्या, निथळायच्या, ऑईलमध्ये बुडवायच्या, परत निथळायच्या आणि मग बसवायच्या. दोन माणसांची अख्खी दुपार जाते.

१९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या अब्राम्स रणगाड्यांना हीच डोकेदुखी झाली होती. त्यांचं १५०० हॉर्सपॉवरचं गॅस टर्बाइन हवा अफाट ओढतं, आणि वाळवंटात फिल्टर काढून झटकण्यात क्रूचा जीव जायचा.

माझ्या गाडीत कोणता प्रकार आहे, कसं ओळखू?

खाली वाटीसारखं भांडं, क्लिपा आणि आत ऑईल दिसलं की ऑईल बाथ. जोंगा, शक्तिमानच्या पिढीतल्या गाड्या आणि आपल्याकडचे जुने ट्रॅक्टर याच जातीचे. लांबट डबा आणि आत घड्या घातलेला कागद असेल तर ड्राय फिल्टर. जिप्सी आणि पुढचे मोठे ट्रक त्यात येतात. ट्रकच्या डब्याखाली रबराची चोच लोंबत असेल तर ती ओढून फेकू नका, ती धूळ टाकायची वाट आहे. रोज बोटांनी एकदा दाबायची. रबर कडक झालं किंवा फाटलं असेल तर बदलायची. उलटी फिरवलेली किंवा चक्क काढून भोक बुजवलेली मी कितीतरी गाड्यांत पाहिलीय.

किती दिवसांनी साफ करायचा?

दिवसांवर जाऊ नका. ही गोष्ट पटवायला मला सगळ्यात जड जातं, कारण आपल्याकडे साफसफाई म्हणजे पुण्य. कागदी फिल्टर नवा असताना जेवढं गाळतो, त्यापेक्षा थोडी धूळ बसल्यावर चांगलं गाळतो, कारण त्या धुळीचा थरच चाळणीचं काम करू लागतो. तुम्ही दर रविवारी तो झटकता, तेव्हा हा थर जातो, घड्या हलतात, सील सैल होतं, आणि फिल्टर काढता-घालताना चिमूटभर धूळ स्वच्छ बाजूला पडते ती वेगळीच.

डब्यावर किंवा पाइपवर छोटा इंडिकेटर असेल तर त्याचं ऐका. फिल्टर गच्च झाला की ओढ वाढते आणि त्यात लाल पट्टा दिसतो. बऱ्याच डिझेल इंजिनांना ही मर्यादा २५ इंच उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाएवढी धरतात. लाल आला की साफ करा नाहीतर बदला, आणि वरचं बटण दाबून इंडिकेटर परत शून्यावर आणा. इंडिकेटर नसेल तर बसवून घ्या. आमच्याकडे त्यासाठी येणाऱ्याला मी चहा पाजतो.

फौजेत गाडीची सकाळी निघताना फर्स्ट परेड होते आणि संध्याकाळी लास्ट परेड. त्यात फिल्टर उघडायचा नसतो. डबा, क्लिपा, पाइप, इंडिकेटर आणि ड्राय फिल्टरच्या डब्याला असलेली धूळ साठायची वाटी बघायची असते. वाटी दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची.

कॉम्प्रेसरची हवा मारली तर चालेल का?

चालेल, पण ३० पीएसआयच्या आत. टायर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमध्ये १०० ते १५० असतं. तीच नळी थेट कागदाला टेकवली की फिल्टर संपला, फक्त तुम्हाला ते दिसत नाही.

हे मी स्वतःच्या हातानं शिकलोय. राजस्थानात पोस्टिंग होती आणि नोकरीचं तिसरं वर्ष. एका ट्रकचा फिल्टर मी झक्क पांढरा करून दिला. पूर्ण प्रेशर, नोझल कागदाला टेकवून, बाहेरून आत. शाबासकीही मिळाली. थोड्याच दिवसांत त्या गाडीनं ऑईल खायला सुरुवात केली आणि डिपस्टिकच्या भोकातून फसफस धूर येऊ लागला. उस्तादांनी मला काही बोललं नाही. रात्री शेडचे दिवे घालवले, फिल्टरच्या आत पेटता बल्ब सोडला आणि म्हणाले, बघ. दोन घड्यांच्या तळाशी, कागद जिथं डिंकानं चिकटवलेला असतो तिथं, सुईच्या टोकाएवढे तीन उजेडाचे ठिपके होते. तीनच. त्यांनी सहा लायनर खाल्ले.

तेव्हा पद्धत अशी. रेग्युलेटर ३० च्या खाली आणा. हवा नेहमी आतून बाहेर मारा, म्हणजे धूळ आली त्या वाटेनं परत जाईल. नोझल कागदापासून चार बोटं लांब ठेवा आणि घड्यांच्या लांबीनं वर-खाली हळू फिरवा. एका जागी थांबायचं नाही. धूळ यायची थांबली की तुम्हीही थांबा. कागद पांढरा करणं हे काम नव्हे. मग अंधाऱ्या खोलीत बल्ब लावून बघा. एलईडी टॉर्चही चालतो. एखादा ठिपका जरी चमकला तर फिल्टर भंगारात. फेव्हिक्विक लावून भोक बुजवणारे महाभाग आहेत. त्यांचं इंजिन त्यांना लखलाभ.

सील फुगलंय का, पत्र्याला पोचा आलाय का, तेही याच वेळी बघा. किती वेळा साफ केला ते फिल्टरच्या बुडाला मार्करनं रेघा मारून ठेवा. काही मोठे इंजिनवाले सहा वेळांची किंवा एका वर्षाची हद्द घालतात, काही फिल्टरवाले मुळात साफच करू नका म्हणतात. माझं मत म्हणाल तर तिसऱ्या रेघेनंतर नवा घ्या.

जमिनीवर, टायरवर आपटून साफ केला तर?

नको. पत्र्याची टोपी वाकते आणि सील बसत नाही. तळहातावर हळू थोपटा, जास्तीत जास्त तेवढंच.

पाण्यानं धुऊ का?

मॅन्युअलमध्ये धुण्याची परवानगी असेल तरच. कोमट पाणी, फेस न होणारा साबण, आतून बाहेर हलकी धार. नंतर सावलीत पूर्ण वाळवायचा. घाईत हवा मारून किंवा भट्टीजवळ ठेवून वाळवलेला फिल्टर तडकतो. ओला बसवला तर कागद ओढीनं फाटतो. एक दिवस वाळायला लागतो, म्हणून धुणाऱ्याकडे दुसरा फिल्टर हाताशी हवाच. नसेल तर धुऊ नका.

आतला छोटा फिल्टरही साफ करायचा का?

नाही. त्याला हातही लावू नका. तो पहारेकरी आहे. बाहेरचा फाटला तर इंजिन वाचवायला ठेवलेला. बाहेरचा तिसऱ्यांदा बदलाल तेव्हा हाही नवा घ्या. आतला काळा झालेला दिसला तर समजा बाहेरचा गळतोय.

ऑईल बाथ कसा साफ करायचा?

हा माझा आवडता प्रकार. नवीन पोरं त्याला हसतात, पण बाजारात काही विकत न घेता तो जन्मभर चालतो.

त्याचं काम आधी समजून घ्या. हवा वरून खाली येते, ऑईलच्या तोंडाशी झपकन वळते आणि परत वर जाते. हवेला वळता येतं, जड धुळीला येत नाही. ती सरळ ऑईलमध्ये जाते. उरलेली वरच्या ओल्या जाळीला चिकटते आणि ऑईलबरोबर खाली निथळते.

गाडी बंद करून अर्धा तास थांबा, म्हणजे जाळीतलं ऑईल वाटीत उतरेल. वाटी काढा आणि बोट बुडवून तळाला टेकवा. तळाशी बोटाच्या पेराच्या निम्म्यापर्यंत, साधारण सेंटिमीटरभर चिखल लागला किंवा ऑईल गुळाच्या काकवीसारखं दाट झालं असेल तर बदलायची वेळ कधीच होऊन गेली. वाटी डिझेलनं किंवा रॉकेलनं धुवा, कापडानं कोरडी करा. जाळी डिझेलच्या बादलीत खालीवर हलवून पूर्ण निथळू द्या. मधला नळकांडा विसरू नका, त्याच्या आत धुळीचा थर बसलेला असतो. नंतर इंजिनमध्ये जे ऑईल घालता तेच वाटीत घाला, जुनं काढलेलं नव्हे, आणि वाटीच्या खुणेपर्यंतच.

खुणेच्या वर का नाही? जास्तीचं ऑईल इंजिन ओढून घेतं. डिझेल इंजिनला ऑईल म्हणजे इंधनच. मग चावी बंद केली तरी ते थांबत नाही, आरपीएम वाढतच जातं आणि इंजिन सुटतं. अशा वेळी हवेचं तोंड फळीनं दाबून बंद करायचं. हात किंवा फडकं लावायचं नाही, ते आत ओढलं जातं. खुणेच्या खाली ठेवलं तरी फायदा नाही, हवा ऑईलला न शिवताच निघून जाते.

पेट्रोलनं धुतलं तर लवकर वाळतं ना?

लवकर वाळतं आणि लवकर पेटतंही. जाळीत राहिलेली वाफ इंजिन ओढतं, वर कुठं ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको. कार्ब्युरेटरची जोंगा बॅकफायर मारते, तेव्हा एअर क्लिनरच ती ज्वाळा अडवतो. तोच पेट्रोलात भिजवून ठेवणार का?

फिल्टर नवा टाकला, तरी इंजिन ऑईल खातं. मग?

मग धूळ फिल्टरला वळसा घालून जातेय. शिरोळ तालुक्यातल्या एका माजी सैनिकानं आणलेल्या जोंगाचं असंच झालं. दोनदा रिंगा घातलेल्या आणि तिसऱ्यांदा तेच. ऑईल बाथ आरशासारखा स्वच्छ. मी फिल्टर ते कार्ब्युरेटर हा पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि बोट तोंडाशी नेलं. दातांखाली कचकच. क्लॅम्पखाली, खालच्या अंगाला, रबराला दोन इंचांची चीर होती. वरून बघितलं तर अख्खा पाइप. पाइप आणि क्लॅम्प मिळून जेवढे पैसे गेले, तेवढ्यात त्यांच्या एका रिंग सेटचा बॉक्सही आला नसता.

तुम्ही घरीही बघू शकता. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या पाइपमध्ये आतून ग्रीसचा पातळ हात फिरवा. दोनेक दिवस गाडी धुळीत चालवा आणि पाइप उघडा. ग्रीसवर माती चिकटली असेल तर गळती आहे, आणि ती कुठून येते हे तिची रेघच दाखवते. ग्रीस फिल्टरच्या सीलला मात्र लावू नका. धूळ तिथं बसते आणि पुढच्या वेळी आत पडते.

फिल्टर काढल्यावर डबा ओल्या फडक्यानं पुसा, हवा मारून नव्हे. आत छोटा फिल्टर असेल तर पुसताना तो जागेवरच राहू द्या. नसेल तर इंजिनकडच्या भोकात स्वच्छ फडकं कोंबा, आणि ते काढायला विसरू नका. विसरणारे भेटलेत, म्हणून लिहिलं.

कोल्हापुरात वाळवंट थोडंच आहे? इथं एवढी काळजी कशाला?

वाळवंट नसलं तरी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांची वाळू आहे. राधानगरी-शाहूवाडीकडं बॉक्साइटची आणि जांभ्याची लाल धूळ आहे. ती इतकी बारीक की फिल्टर बाहेरून स्वच्छ वाटतो आणि आतून गच्च असतो. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागं पाचट आणि बगॅसची भुकटी उडते. ती इंजिन कापत नाही, पण तोंडाची जाळी बुजवते, म्हणून हंगामात ती जाळी रोज हातानं साफ करा. आणि गुऱ्हाळाचा किंवा पुढच्या गाडीचा काळा धूर कागदात बसला की कितीही हवा मारा, निघत नाही. तो फिल्टर बदलायचाच.

पुराच्या पाण्यातून गाडी काढली. आता?

स्टार्टर मारू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तेव्हाही लोकांनी, फौजी गाडी आहे, चालते पाण्यातून, म्हणत गाड्या घातल्या. चालते, पण हवेचं तोंड पाण्याच्या वर असेल तोवरच. पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

आधी फिल्टर काढा. कागद ओला असेल तर इंजेक्टर किंवा प्लग काढून इंजिन हातानं फिरवा आणि पाणी बाहेर येतं का बघा. डिपस्टिकवर दुधी चहासारखं ऑईल दिसलं तर ते बदला. ऑईल बाथला एक वेगळी खोड आहे. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि ऑईल वर उचललं जातं. वरून बघणाऱ्याला वाटतं ऑईल छान भरलंय, आणि सुरू केल्याबरोबर इंजिन तेच ओढतं. वाटी पूर्ण रिकामी करूनच चावी फिरवा.

लेह-लडाखला गाडी काळा धूर मारायला लागली. फिल्टर गच्च झाला का?

कदाचित नाही. पाच हजार मीटरवर हवेचा दाब खालच्या जवळपास निम्माच असतो. डिझेल तेवढंच आणि हवा अर्धी, मग धूर येणारच. इंडिकेटर बघा. लाल नसेल तर फिल्टरला छळू नका, वरचा गिअर सोडून खालच्या गिअरमध्ये चढा. पहाटे डब्याच्या तोंडाशी बर्फ बसलेला असतो, तो मात्र काढा.

धुऊन परत वापरायचा कापडी ‘परफॉर्मन्स’ फिल्टर टाकू का?

रेसिंगला टाका. धुळीच्या कामाला मी टाकत नाही. वर ऑईल जरा जास्त लागलं की नव्या गाड्यांत हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर ते बसतं.

साफ करताना स्वतःची काय काळजी घ्यायची?

उघड्यावर करा, वाऱ्याकडं पाठ करून. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला नीट बसणारा मास्क लावा, रुमाल नव्हे. वाळूच्या धुळीनं सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. फौजेत याहून कडक नियम आहे. विषारी वायू, जंतू किंवा किरणोत्साराच्या भागातून गाडी आली असल्याची शंका जरी असली, तरी पूर्ण संरक्षक सूट घालूनच फिल्टरला हात लावायचा. कारण गाडीनं वाटेत जे काही ओढलं, ते सगळं त्याच डब्यात जमा झालेलं असतं.

गाडीला फौजी हिरवा रंग तसाच ठेवला तर?

प्रश्न फिल्टरचा नाही, पण आठवड्याला एकदा येतोच. ऑलिव्ह ग्रीन खासगी गाडीला चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम त्याबद्दलच आहे. रंग बदला, मग आमच्याकडे या.

नुसता फिल्टर काढून पाठवला तर साफ करून द्याल का?

नाही. गाडी आणा. फिल्टर कसा आहे, हे त्याच्या डब्यात बोट घातल्याशिवाय कळत नाही. येताना गाडी धुऊन आणू नका, धूळ कुठं बसलीय ते मला बघू द्या. सोमवारी आम्ही बंद असतो.